इस्पिक एक्क्याची साक्ष

जुन्या पत्त्यांचा कॅट हाती आला की बहुतेक जण आधी राजा-राणीची तोंडे पाहतात. चित्र जेवढे पुराणे वाटेल तेवढा कॅट जुना, असा त्यामागचा हिशेब असतो. पण कॅटचे वय ठरवताना चित्राइतका कच्चा पुरावा दुसरा नाही. रमीला किंवा मेंढीकोटाला आपण जे पत्ते पिसतो, त्यांवरचे राजे मूळचे फ्रान्समधल्या रुआँ शहरातले. तिथून ते इंग्लंडला गेले आणि पुढे नकलेवरून नक्कल होत राहिली. कारण साधे होते. खेळणाऱ्याला हातातला पत्ता एका नजरेत ओळखायचा असतो, त्यामुळे नव्या चेहऱ्याच्या राजाला गिऱ्हाईक मिळत नाही. बदामचा राजा नीट पाहा. तलवार त्याने स्वतःच्याच डोक्यात खुपसल्यासारखी दिसते. जुन्या पत्त्यांत त्याच्या हातात कुऱ्हाड होती. ठशावरून ठसा कोरता कोरता कुऱ्हाडीचे पाते गळून पडले आणि उरलेल्या दांड्याची तलवार झाली. हा राजा एवढ्या कॅटांत असाच सापडतो की नुसत्या त्याच्यावरून काळ सांगणे धाडसाचे ठरते.

चित्रकार जे सांगत नाही ते करवसुली करणारा सांगतो. ॲन राणीच्या काळात, 1711 च्या कायद्याने, इंग्लंडात दर कॅटवर सहा पेन्स कर बसला. कर भरल्याचा शिक्का एका पत्त्यावर मारायचा होता आणि तो मान इस्पिक एक्क्याकडे आला. पुढे कर वाढत गेला, तशी चोरीही वाढली. म्हणून 1765 पासून सरकारी मुद्रांक कचेरीच एक्का छापू लागली. कारखानदाराने बाकीचे एक्कावन्न पत्ते छापायचे, बावन्नावा मात्र कर भरून सरकारकडून घ्यायचा. खोटा एक्का छापणे हा देहदंडाचा गुन्हा होता आणि त्यापायी रिचर्ड हार्डिंग नावाचा माणूस 1805 मध्ये खरोखर फासावर गेला. 1828 मध्ये नकलेला दाद देऊ नये असा बारीक वेलबुट्टीचा एक्का निघाला. संग्राहक त्याला ‘ओल्ड फ्रिझल’ म्हणतात. त्यावर एक शिलिंग कराचा उल्लेख असतो. 1862 मध्ये कर तीन पेन्सांवर आला आणि एक्का पुन्हा कारखानदारांच्या हाती गेला. त्यांनी नक्षीचा थाट सोडला नाही, फक्त सरकारी मजकुराच्या जागी स्वतःचे नाव घातले. 1960 मध्ये कर गेला, तरी इस्पिक एक्का अजून इतर तिघांपेक्षा नटलेला असतो.

यावर शहाणा संग्राहक विचारील की जुना एक्का नव्या कॅटात घुसवला तर? शंका रास्त आहे आणि असे कॅट बाजारात येतातही. म्हणून एक्क्याची साक्ष एकटी धरायची नाही. कॅटमधली सर्वांत नवी खूण शोधायची, कारण कोणताही कॅट तिच्यापेक्षा जुना असू शकत नाही. पत्त्याच्या कोपऱ्यातले आकडे आणि अक्षरे 1870 नंतरच्या काळात रुळली. जोकर 1860 च्या दशकात अमेरिकेत, युकर नावाच्या खेळातून आला. पाठीवरची छापील नक्षीही उशिराची. लंडनच्या डी ला रूने रंगीत छपाईचे पेटंट घेतले ते 1831 मध्ये. त्याआधी पाठ बहुधा कोरी असे आणि लोक तिच्यावर चिठ्ठ्या, आमंत्रणे लिहीत. आजच्या कॅनडातल्या फ्रेंच वसाहतीत 1685 मध्ये रोकड संपली, तेव्हा तिथल्या अधिकाऱ्याने पत्त्यांवर सही करून तेच पैसे म्हणून सैनिकांना वाटले! तर ‘ओल्ड फ्रिझल’सोबत कोपऱ्यात आकडे असलेला गुलाम दिसला की समजावे, मोट बांधलेली आहे. कडांची झीज आणि पाठीचा रंग एक्क्याशी जुळतो का, हेही ताडून पाहावे. अर्थात 1862 नंतर एकच एक्का वर्षानुवर्षे चालत असे, त्यामुळे हाती लागतो तो काळाचा पट्टा. नेमके साल छातीठोकपणे सांगणाऱ्या विक्रेत्याकडे म्हणूनच पुरावा मागावा. अमेरिकेत 1862 ते 1883 आणि 1894 ते 1965 या काळात कराचे तिकीट वेष्टनावर असे, पण डबी बदलणे हे एक्का बदलण्याहून सोपे.

खरी अडचण गंजिफांपाशी येते. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफेत 120 गोल पाने असतात. दहा अवतार, प्रत्येकाचे राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत दहा. त्यावर ना कराचा शिक्का, ना छपाईची खूण. बाबराने 1527 मध्ये सिंधला गंजिफा धाडल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे, पण तिने खेळ जुना ठरतो, आपल्या हातातला संच नव्हे. चितारीही परंपरेला धरूनच रंगवतो. सावंतवाडीच्या राजघराण्यातले शिवरामराजे भोसले आणि सत्त्वशीलादेवी यांनी पुंडलिक चितारींकडून ही कला शिकून 1971 मध्ये ‘सावंतवाडी लॅकरवेअर्स’ सुरू केले, तेव्हापासून त्याच धाटणीचे नवे संच तयार होत आले आहेत. त्यांत लपवाछपवी नाही, पण चार हात फिरल्यावर असाच संच ‘संस्थानकाळातला’ होऊ शकतो. इथे कराच्या शिक्क्याची जागा खरेदीची नोंद घेते: कोणाकडून, कधी, कुठल्या घराण्यातून. कोणी म्हणेल, मत्स्यावताराचे पान सुंदर आहे, एवढे पुरे नाही का? भिंतीवर लावायला पुरे आहे. पण जुना म्हणून जास्तीचे पैसे मोजायचे असतील, तर दोन पाने हरवलेला पण नोंद असलेला संच, पूर्ण आणि लखलखीत पण निनावी संचाच्या आधी घ्यावा.