भाड्याची खोली आणि पावतीचा कागद

1917 साली बडोद्याला नोकरीवर रुजू होण्यासाठी गेलेल्या बाबासाहेबांना कोणी खोली देईना. अखेर एका पारशी धर्मशाळेत पारशी नाव लावून, दीड रुपया रोजाने ते राहिले; आणि अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या घोळक्याने त्यांना बाहेर काढले. हा प्रसंग आपल्या वाचकांना ठाऊक आहे. जातीच्या अपमानाचा प्रसंग म्हणून आपण तो वाचतो, ते योग्यच आहे. पण तो भाडेव्यवहाराचाही प्रसंग आहे. जागा रिकामी होती, पैसे द्यायची तयारी होती, तरी व्यवहार टिकला नाही. हातात कसलाही हक्काचा कागद नव्हता.

स्वस्त भाड्याची घरे कोण बांधतो, कशासाठी बांधतो आणि ती कशी चालवतो, या प्रश्नाकडे आपल्या चळवळीने पुरेसे लक्ष दिलेले नाही. भूमिहीनांचा प्रश्न आपण मांडला. भाडेकरूचा प्रश्न मात्र कामगार संघटनांचा म्हणून सोडून दिला.

मुंबईत 1896 साली प्लेग आला आणि सत्ताधाऱ्यांना गरिबांच्या खोल्यांची आठवण झाली. 1898 साली इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याच्या बी. आय. टी. चाळींपैकी परळच्या पोयबावडीच्या चाळीत बाबासाहेबांचे कुटुंब 1912 पासून सुमारे बावीस वर्षे राहिले. पुढे 1920 साली सरकारने डेव्हलपमेंट खाते काढून बी. डी. डी. चाळी बांधल्या. वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी मिळून 207 इमारती, प्रत्येकीत ऐंशी खोल्या, खोली साधारण 160 चौरस फुटांची. या बांधकामासाठी शहरात येणाऱ्या कापसाच्या प्रत्येक गाठीमागे एक रुपया कर बसवला होता. हा तपशील महत्त्वाचा आहे. गिरणीकामगाराच्या पगारातून निघेल एवढ्या भाड्यात बांधकामाचा खर्च वसूल होत नाही, मधली तूट दुसऱ्या कोणीतरी भरावी लागते, हे सरकारला तेव्हाच कळले होते.

खाजगी मालक ती तूट भरत नाही. तो एका खोलीत दहा माणसे कोंबू देतो आणि दुरुस्ती टाळतो. 1947 च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने भाडी 1 सप्टेंबर 1940 च्या पातळीवर गोठवली. त्याने लाखो कुटुंबांना छप्पर टिकवता आले, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु नव्या भाड्याच्या चाळी बांधण्यातला रस आटला आणि जुन्यांत पागडी आली. पागडी भरण्याइतकी रोकड आपल्या माणसाकडे कुठली? तो चाळीतून झोपडपट्टीत ढकलला गेला.

2008 साली महाराष्ट्रात भाड्याच्या घरांची पुन्हा एक योजना आली. खोलीचे माप पुन्हा 160 चौरस फूट! पाऊणशेहून अधिक वर्षांत गरिबाच्या कुटुंबाची कल्पना एका वीतभरही वाढली नाही. पुढे ती योजना विक्रीकडे वळली. 2020 साली केंद्र सरकारने स्थलांतरित व गरीब कामगारांसाठी परवडणाऱ्या भाडेसंकुलांची योजना जाहीर केली. पण लहान शहरांत आजही खोल्या बांधतो तो निवृत्त रेल्वे कामगार, नगरपालिकेचा सफाई कर्मचारी, फंडाचे पैसे हाती आलेला शिपाई. म्हणजे पुष्कळदा आपलाच माणूस. त्याचा हिशेब मांडून पाहू.

समजा, त्याने सहा लाखांत दोन खोल्या काढल्या आणि प्रत्येकीला अडीच हजार भाडे घेतले. वर्षाचे साठ हजार. प्रत्येक खोली वर्षातून महिनाभर रिकामी राहते, पाच हजार गेले. दुरुस्तीला सहा, घरपट्टी-पाणीपट्टीला पाच. उरले चव्वेचाळीस हजार, म्हणजे शेकडा सव्वासात. बँकेतल्या ठेवीच्या आसपासच. स्वस्त खोलीत याहून मोठा नफा सचोटीने निघत नाही. ज्याला निघतो, तो दुरुस्तीचे सहा हजार खिशात घालतो, सब-मीटरवर वीज चढ्या दराने विकतो, पाण्याचे वेगळे घेतो, आणि भाडेकरू कुरकुरला की आठ दिवसांत खोली रिकामी करवतो. हे शेवटचे त्याला जमते, कारण भाडेकरूकडे पावती नसते.

प्रस्तुत लेखक नोकरीला लागला तेव्हा आडनाव ऐकून चार दारे बंद झाली. पाचवे दार आपल्याच एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी उघडले. जेवायलाही बोलावले. पण पावती मागितली तेव्हा ते म्हणाले, "सर, पावती दिली की खोली गेली." मी तीन वर्षे तिथे राहिलो; कागदोपत्री मी त्या शहरात नव्हतोच.

ही भीती जुन्या कायद्याच्या ऐकीव कथांतून आलेली आहे. 1999 चा महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा 31 मार्च 2000 पासून लागू झाला. तो लागू असलेल्या भागात भाड्याची पावती न देणारा मालक दंडास पात्र ठरतो. करार लेखी करून नोंदवण्याची जबाबदारी मालकाची आहे. तो नसेल तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. म्हणजे कागद टाळून मालक आपलीच बाजू लंगडी करतो. राहण्यासाठी दिलेल्या लिव्ह अँड लायसन्सची मुदत संपल्यावर जागा परत मिळवण्याची वेगळी, जलद तरतूद त्यात आहे. उलट नियमित भाडेकरू भाडे देत असेल, द्यायला तयार असेल आणि इतर अटी पाळत असेल, तर त्याला थकबाकीच्या नावाखाली काढता येत नाही. वीज-पाणी तोडून हुसकावणेही बेकायदा आहे. कार्यकर्त्यांनी वस्तीत बसून या चार-पाच गोष्टी मालक आणि भाडेकरू दोघांनाही समजावून सांगितल्या तर पुष्कळ काम होईल. शिधापत्रिका, शाळेचा दाखला, पुनर्वसनाची यादी, सगळीकडे राहण्याचा पुरावा मागतात.

पावती कोणाच्या नावे, हाही प्रश्न आहेच. बी. डी. डी. चाळींच्या पुनर्विकासात 500 चौरस फुटांचे घर मिळायचे, तर खोली कोणाच्या नावे आहे हे आधी पाहिले जाते. माझ्या एका विद्यार्थिनीची आई धुणीभांडी करून अकरा वर्षे खोलीचे भाडे देत होती. पावतीपुस्तक होते, शिक्काही होता. नाव मात्र घर सोडून गेलेल्या नवऱ्याचे होते. तो परत आला तेव्हा मालकाने पावती पाहिली आणि किल्ली त्याच्या हातात दिली.