चित्रं चालू लागली : त्र्यंबकच्या पत्राला उत्तर

‘रॉजर रॅबिट’ चित्रपटातल्या कार्टून सशाच्या अंगावर हेलकावणाऱ्या दिव्याची सावली कशी पाडली, हे आज सांगायचं ठरलं होतं. तो बेत आठवडाभर पुढे ढकलतोय. कारण त्र्यंबकहून एका वाचकाचं पत्र आलंय. पत्र चार ओळींचं, सूर जरा फणकाऱ्याचा. पॅरिस झालं, न्यूयॉर्क झालं, हॉलिवूड झालं. आमच्या गावात जन्मलेल्या माणसाने कार्टून केलं होतं की नाही, तेवढं सांगा, असा एकूण मजकूर.

केलं होतं. आणि हा विषय माझ्या इतका लाडका आहे, की अख्खा हप्ता त्यावर खर्च करायला मला निमित्तच हवं होतं.

धुंडिराज गोविंद तथा दादासाहेब फाळके, जन्म त्र्यंबकेश्वर, ३० एप्रिल १८७०. मग ‘राजा हरिश्चंद्र’, ३ मे १९१३, मुंबईचं कॉरोनेशन थिएटर. आणि तिथून थेट त्यांच्या नावाच्या पुरस्काराचा सोहळा. आपल्याकडे दादासाहेब एवढ्यातच आटोपतात. मधले खटपटे दादासाहेब कुणी बघत नाही. जे. जे.मध्ये चित्रकला, बडोद्याच्या कलाभवनात फोटोग्राफी, पुढे छपाई, ब्लॉक तयार करणं, आणि जोडीला ‘प्रोफेसर केळफा’ या नावाने जादूचे प्रयोग. नाव उलटं वाचा, कळेल. या माणसाच्या हाती कॅमेरा आल्यावर तो फक्त समोर दिसेल ते टिपत बसेल, हे शक्यच नव्हतं.

१९१४ साली तीन चित्रपट घेऊन ते लंडनला गेले. तिथे वाहवा झाली, पण त्याच वेळी महायुद्ध पेटलं आणि इकडे मुंबईत भांडवलवाल्यांनी हात आखडता घेतला. परतल्यावर मोठ्या पौराणिक चित्रपटाला लागणारा पैसा नव्हता. त्या ओढाताणीच्या काळात त्यांनी छोट्या छोट्या फिती केल्या. त्यातलीच १९१५ची ‘आगकाड्यांची मौज’. नट नाहीत, देखावे नाहीत, फक्त काड्या. फाळक्यांची मंडळी एकत्र राहात, आणि सगळ्यांच्या जेवणाचं दादासाहेबांच्या पत्नी सरस्वतीबाई बघत. आगकाड्यांना पगार द्यावा लागत नाही आणि त्या पंगतीलाही बसत नाहीत, हा हिशेब दादासाहेबांच्या डोक्यात आला असणार असं मला नेहमी वाटतं. फ्रान्सच्या एमिल कोलने १९०८ मध्ये आगकाड्या नाचवल्याच होत्या. आपण त्याच्याविषयी दुसऱ्या हप्त्यात बोललो आहोत.

‘आगकाड्यांची मौज’ आज उपलब्ध नाही. मात्र ती करायची कशी, हे ठाऊक आहे. काड्या टेबलावर मांडायच्या, एक चौकट टिपायची, काड्या किंचित सरकवायच्या, पुन्हा एक चौकट. त्या वेळच्या कॅमेऱ्याचं हँडल एकदा फिरवलं की साधारण आठ चौकटी पुढे सरकत. सेकंदाला दोन फेरे, म्हणजे सोळा चौकटी. असल्या कामासाठी मात्र एका फेऱ्याला एकच चौकट सरकेल अशी सोय लागे. एका मिनिटाच्या मौजेला ९६० चौकटी, म्हणजे काड्या ९६० वेळा हलवायच्या. तेवढ्यात कुणाची बाही लागली, की पुन्हा पहिल्यापासून.

हा संयम दादासाहेबांकडे आधीपासून होता. १९१२ मध्ये लंडनहून कॅमेरा घेऊन आल्यावर त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि त्याचा वेल होईपर्यंतची वाढ टिपली. ती ‘अंकुराची वाढ’ पाहून यशवंत नाडकर्णी आणि नारायणराव देवहरे यांनी कर्ज द्यायची तयारी दाखवली, आणि त्यातून हरिश्चंद्र उभा राहिला. इथे मला एक खुसपट काढायचंय. रोज एक चौकट या हिशेबाने महिनाभर ही फिल्म घेतली, असं बऱ्याच ठिकाणी लिहिलेलं सापडतं. फिल्म मिनिटभराची होती, हेही तीच मंडळी सांगतात. गणित करून बघा. रोज एक या दराने महिन्याच्या चौकटी होतात तीस, आणि पडद्यावर त्या दोन सेकंदांत संपतात. मिनिटभराचा वेल हवा, तर दिवसाला तीसेक चौकटी घ्यायला हव्यात, म्हणजे दिवसभर कुंडीपाशी ठिय्या द्यायला हवा. रोज एक ही गोष्ट ऐकायला गोड आहे, पण तिच्यात दादासाहेबांचे कष्टच कमी होतात.

आता आपल्या मालिकेचा मूळ प्रश्न: जिवंत माणूस आणि बनवलेली वस्तू एकाच चौकटीत. त्यासाठी ‘श्रीकृष्ण जन्म’ (१९१८) आणि ‘कालिया मर्दन’ (१९१९) बघायला हवेत. दोन्ही नाशिकच्या हिंदुस्थान फिल्म कंपनीचे. ‘श्रीकृष्ण जन्मा’चे तुकडेच उरलेत, पण त्यात कंसाचं भयस्वप्न आहे. चहूबाजूंनी कृष्णच कृष्ण, आणि कंसाचं डोकं धडापासून सुटून वर जातं. त्या काळची याची रीत अशी: काळ्या पडद्यापुढे, डोकं काळ्या कापडात गुंडाळून आधी नुसतं धड टिपायचं. मग भिंगावर झाकण घालून, फेरे मोजत फिल्म मागे न्यायची आणि धड झाकून त्याच फिल्मवर नुसतं डोकं टिपायचं. काळ्याचा ठसा उमटत नाही, त्यामुळे दोन्ही एका चौकटीत येतात. सगळा खेळ एकाच निगेटिव्हवर. दुसऱ्या फेऱ्यात चूक झाली तर पहिला फेराही वाया.

यात एक गोष्ट कुणी बोलत नाही, ती भोकांची. हरिश्चंद्राच्या वेळी कच्ची फिल्म कडेची भोकं न पाडता येई. रात्री अंधारात यंत्राला लावून ती भोकं पाडण्याचं काम सरस्वतीबाई करत. साध्या दृश्यात भोकं केसभर इकडेतिकडे झाली, तर सगळं चित्र मिळून हलतं आणि डोळा ते माफ करतो. दोनदा टिपलेल्या दृश्यात मात्र धड एकीकडे हलणार, डोकं दुसरीकडे. आणि आगकाड्या तर जागेवरच थरथरू लागणार. तेव्हा फाळक्यांच्या ट्रिकांचं कौतुक करताना पहिलं नाव सरस्वतीबाईंचं घ्यावं, हे माझं पक्कं मत आहे.

‘कालिया मर्दन’ त्या मानाने बराच शिल्लक आहे, आणि आजही तो बघताना कंटाळा येत नाही. कृष्ण झालीय दादासाहेबांची मुलगी मंदाकिनी. सुरुवातीलाच तिचा चेहरा जवळून दाखवलाय, त्यावरचे भाव भराभर बदलतात. शेवटी यमुनेत उडी, आणि पाण्याखाली नागाशी झुंज. नाग बनवलेला आहे, हे पहिल्याच क्षणी कळतं. तरी दृश्य पटतं, कारण ती चिमुरडी त्या नागाशी खरोखर झटापट करते. तिच्या हातात धरायला काहीतरी आहे. ‘रॉजर रॅबिट’मध्ये नट बॉब हॉस्किन्सला समोरच्या रिकाम्या हवेकडे बघून अभिनय करावा लागला, आणि त्याने तो फार उत्तम केला. पण मला विचाराल तर मंदाकिनीची झटापट अधिक खरी वाटते.

तेव्हा त्र्यंबककरांना रोखठोक उत्तर असं: निर्जीव वस्तूला चालवणं म्हणजे कार्टून, तर दादासाहेबांनी ते १९१५ मध्ये केलं. माणसाशेजारी बनवलेलं जनावर उभं करणं म्हटलं, तर १९१९ मध्ये केलं. कागदावर रेषांनी काढलेलं कार्टून हवं असेल, तर पुण्याला जावं लागेल. ‘प्रभात’ फिल्म कंपनीचा ‘जंबूकाका’ १९३४चा.

जाता जाता एक विनंती. त्र्यंबक, नाशिक, इगतपुरी, सिन्नर या भागात फिरत्या टॉकीजचा धंदा केलेली घराणी आहेत. कुणाच्या माळ्यावर जुने पत्र्याचे गोल डबे पडले असतील, तर भंगारात घालू नका. आतली फिल्म नायट्रेटची असू शकते. ती भडकन पेट घेते. डबा उन्हात ठेवू नका, चुलीजवळ नेऊ नका, उघडून सोलायला तर जाऊच नका. सरळ पुण्याला लॉ कॉलेज रोडवरच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला कळवा.