विश्लेषण : संगणकाचे व्हायोलिन ‘मशीनचे’ का वाटते? एआय त्याला माणसासारखे वाजवायला शिकवेल?

बेलपाडा (पनवेल) : एकेकाळी चित्रपटासाठी तीस-चाळीस व्हायोलिन वाजवून घ्यायची, तर वादकांना ताडदेवच्या फिल्म सेंटरसारख्या मोठ्या स्टुडिओत एकत्र बोलवावे लागे. आज बेलपाडा मेट्रो स्थानकाजवळच्या एखाद्या वन बीएचकेमध्ये बसलेला संगीतकारही लॅपटॉप, हेडफोन आणि छोटा कीबोर्ड एवढ्यावर तसाच वाद्यवृंद उभा करू शकतो. सूर बरोबर, ताल बरोबर, आवाजही खऱ्या व्हायोलिनचाच. तरीही ऐकणाऱ्याला ते ‘मशीनचे’ वाटू शकते. हा फरक मिटवण्यासाठी आता कृत्रिम बुद्धिमत्ता अर्थात एआय वापरली जात आहे. ते कसे आणि कितपत साधते, याविषयी…

प्रोग्राम केलेला वाद्यवृंद म्हणजे काय?

खरे वादक एकेक सूर हळू, जोरात, लांब, तुटक अशा अनेक प्रकारे वाजवतात आणि ते सारे ध्वनिमुद्रित करून ठेवले जाते. या संग्रहाला ‘सॅम्पल लायब्ररी’ म्हणतात. लंडनच्या बीबीसी सिम्फनी ऑर्केस्ट्राच्या वादकांवर आधारित अशी एक लायब्ररी ‘स्पिटफायर ऑडिओ’ कंपनीने २०१९ मध्ये आणली. तिची छोटी आवृत्ती मोफतही मिळते.

कोणता सूर कधी आणि किती जोराने वाजवायचा, हे संगणकाला ‘मिडी’ या भाषेत सांगितले जाते. १९८३ पासून वापरात असलेल्या मिडीत आवाज नसतो, फक्त सूचना असतात. सुराचा जोर शून्य ते १२७ या आकड्यांत सांगायचा आणि त्यानुसार संगणक लायब्ररीतला तुकडा निवडून वाजवतो.

मग ते यांत्रिक का वाटते?

याची प्रमुख कारणे तीन. पहिले, वेळ. संगणक प्रत्येक सूर नेमक्या मात्रेवर बसवतो. याला ‘क्वांटाइझ’ करणे म्हणतात. प्रत्यक्षात १६ व्हायोलिनवादक एकत्र बसले, तर सोळाही गज एकाच क्षणी तारेला लागत नाहीत. सेकंदाच्या अगदी लहान भागाचा हा फरक कानाला चूक वाटत नाही, उलट त्यामुळेच समूहाचा आवाज भरदार होतो.

दुसरे कारण, तोचतोचपणा. एकच तुकडा लागोपाठ आठ वेळा वाजला, की कानाला लगेच कळते. प्रोग्रामर याला ‘मशीनगन’ म्हणतात. यावर उपाय म्हणून लायब्ररीत एकाच सुराचे अनेक नमुने ठेवून ते आलटून पालटून वाजवले जातात.

तिसरे आणि सर्वांत अवघड कारण, दोन सुरांमधला सांधा. वादक एका सुरावरून दुसऱ्यावर जाताना गजाचा दाब बदलतो, बोट सरकते, कंपन थोडे उशिरा सुरू होते. बासरीवादकाला मध्येच श्वास घ्यावा लागतो. संगणकाला यातले काहीच आपणहून माहीत नसते.

थोडी गडबड मिसळली की झाले का?

संगीताच्या अनेक सॉफ्टवेअरमध्ये ‘ह्युमनाइझ’ नावाचे बटण असते. ते दाबले, की प्रत्येक सूर थोडा मागेपुढे होतो, जोरही कमीजास्त होतो. पण हा बदल फासे टाकल्यासारखा असतो. एका सुराचा दुसऱ्याशी संबंध राहत नाही.

माणसाची चूक अशी नसते. जर्मनीतील होल्गर हेन्निग आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, माणसाच्या तालातील लहान फरक एकमेकांत गुंतलेले असतात. आता घसरलेल्या ठोक्याचा परिणाम बऱ्याच पुढच्या ठोक्यांपर्यंत पोहोचतो. फासे टाकून केलेल्या फरकांपेक्षा असे गुंतलेले फरक असलेले संगीत श्रोत्यांना अधिक आवडले.

त्याआधी स्वीडनमध्ये योहान सुंडबर्ग यांच्या गटाने एका व्हायोलिनवादकाच्या मदतीने ‘माणूस कसा वाजवतो’ याचे नियमच लिहून काढले होते. ओळ संपताना किंचित मंदावणे, सूर वर चढताना आवाज वाढवणे, असे हे नियम होते. त्यांचा उपयोग झाला. पण वादकाची प्रत्येक सवय नियमात बसवता येत नाही.

एआय वेगळे काय करते?

एआयला नियम सांगावे लागत नाहीत. ती माणसांचे वादन पाहून सवयी उचलते. गुगलच्या ‘मॅजेन्टा’ प्रकल्पाने पियानो स्पर्धांमधील सुमारे २०० तासांच्या वादनाची सूरनिहाय नोंद ‘माएस्ट्रो’ नावाने खुली केली. कोणती पट्टी कधी, किती जोराने दाबली, याची सेकंदाच्या काही हजाराव्या भागापर्यंतची नोंद त्यात आहे.

याच प्रकल्पाने २०१९ मध्ये ड्रमवादकांच्या साडेतेरा तासांच्या नोंदीवर एक मॉडेल तयार केले. त्याला सरळसोट, मात्रेवर बसवलेला ठेका दिला, की कोणता ठोका किती मागे, किती पुढे, किती हलका हे ते ठरवते. त्यानंतरचे ‘मिडी-डीडीएसपी’ हे मॉडेल व्हायोलिनसारख्या वाद्यांकडे वळले. ते आधी सुरांवरून वादनाचे बारकावे, म्हणजे आवाजाचा चढउतार, कंपन आणि सुराची सुरुवात ठरवते व मग ध्वनी तयार करते. संगीतकाराला हे बारकावे मध्येच बदलताही येतात.

स्वीडनचे ‘नोटपरफॉर्मर’ हे सॉफ्टवेअर स्वरलिपी वाजवताना पुढचे सूर आधीच वाचते आणि त्यानुसार आताचा सूर कसा वाजवायचा ते ठरवते. खरा वादकही डोळे एक पाऊल पुढेच ठेवतो.

एक फरक लक्षात घ्यायला हवा. एक वाक्य लिहिले की अख्खे गाणे देणारी अ‍ॅप वेगळी. येथे चाल आणि वाद्यरचना संगीतकाराचीच असते. एआय फक्त ‘वादक’ होते.

खऱ्या वाद्यवृंदाची गरज संपली का?

‘सैराट’चे उदाहरण बोलके आहे. २०१६ च्या या चित्रपटासाठी अजय-अतुल यांनी सिम्फनी वाद्यवृंदाचे ध्वनिमुद्रण हॉलीवूडच्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर केले. तेथे असे ध्वनिमुद्रण झालेला हा पहिला भारतीय चित्रपट ठरला. सॅम्पल लायब्ररी तेव्हाही उपलब्ध होत्या. तरीही ‘याड लागलं’मधील व्हायोलिनचा झोत खऱ्या वादकांकडूनच घेतला गेला.

प्रत्येक मराठी निर्मात्याला हे परवडत नाही. म्हणून बुडापेस्ट किंवा स्कोप्येमधील वाद्यवृंद तासांच्या हिशेबाने घेऊन, इंटरनेटवरून ऐकत ध्वनिमुद्रण करण्याचा मार्गही भारतीय संगीतकार वापरतात. तेवढेही पैसे नसलेल्या लघुपटासाठी, वेब मालिकेसाठी किंवा नाटकाच्या पार्श्वसंगीतासाठी प्रोग्रामिंग हाच पर्याय उरतो. एआयचा खरा फायदा येथेच आहे.

मग अडचण कुठे?

एआय ज्यांचे वादन ऐकते, त्यांच्यासारखे वाजवते. वरील पियानोच्या नोंदी पाश्चात्त्य स्पर्धांतील आहेत. ‘मिडी-डीडीएसपी’ ज्या संचावर शिकले, त्यातही पाश्चात्त्य अभिजात संगीताच्या ४४ रचना आहेत. मुंबईच्या चित्रपटसंगीतातील व्हायोलिन मात्र वेगळ्या मुशीत घडले.

गोव्यातून आलेल्या वादकांनी आणि संयोजकांनी पाश्चात्त्य स्वरलिपी वाचत हिंदुस्थानी चाली वाजवल्या. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे त्यांतले ठळक नाव. ते प्यारेलाल यांचे व्हायोलिनचे गुरू. ‘अमर अकबर अँथनी’मधील (१९७७) गाण्यात लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांनी त्यांचेच नाव गुंफले. सेबॅस्टियन डिसोझा यांनी शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांचे संयोजन केले. या परंपरेत तीस व्हायोलिन एकत्र मींड घेतात आणि गायकाच्या हरकतीला तसेच उत्तर देतात. हे वादन जुन्या गाण्यांत ऐकू येते. पण तेथे ते गायन आणि तालवाद्यांत मिसळलेले आहे. एकेका वादकाची वेगळी नोंद नसेल, तर एआयने शिकायचे कशावरून? परिणामी चाल मराठी आणि व्हायोलिनची बोली परदेशी, असे होऊ शकते.

वादकांच्या हक्काचे काय?

सिंथेसायझर आल्यावर मोठ्या समूहांचे काम घटले. आता एआयला शिकवण्यासाठी त्याच वादकांचे वादन हवे आहे. आवाजाबाबत थोडी स्पष्टता येत आहे. २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने गायक अरिजित सिंह यांच्या आवाजाची एआय नक्कल करण्यास अंतरिम मनाई केली. त्याच वर्षी ए. आर. रहमान यांनी ‘लाल सलाम’साठी दोन दिवंगत गायकांचे आवाज एआयने वापरले, तेव्हा कुटुंबीयांची परवानगी घेऊन मोबदला दिल्याचे सांगितले.

वादकाचे तसे नाही. भारतीय कॉपीराइट कायदा वादकाला त्याच्या सादरीकरणावर हक्क देतो. पण गज कसा फिरवायचा या शैलीवर कोणाची मालकी नसते. व्हायोलिनच्या आवाजावरून गायकासारखी ओळखही पटत नाही. म्हणून ध्वनिमुद्रणाच्या करारातच ‘हे वादन एआयला शिकवण्यासाठी वापरणार का, त्याचे पैसे वेगळे मिळणार का’ हे लिहून घेणे वादकाच्या हिताचे.

घरच्या स्टुडिओत काय करता येईल?

एआय नसतानाही बरेच काही साधते.

– सूर माउसने मांडण्याऐवजी प्रत्येक वाद्याची ओळ कीबोर्डवर स्वतः वाजवावी. एकच ओळ कॉपी करून सगळ्या वाद्यांना देऊ नये.

– लांब सुरांचा आवाज हळूहळू चढउतार करावा. फुंकवाद्यांना श्वासापुरती जागा ठेवावी.

– हळू उमलणारे व्हायोलिनचे सूर मात्रेच्या किंचित आधी सुरू करावेत.

– एका खऱ्या व्हायोलिनवादकाला बोलावून मुख्य ओळ वाजवून घ्यावी आणि प्रोग्राम केलेल्या समूहावर ठेवावी. एका माणसाच्या गजाने मागचा सगळा समूह जिवंत वाटू लागतो.

हा शेवटचा उपाय जुना आहे आणि आजही सर्वांत खात्रीचा. बेलपाड्यातल्या वन बीएचकेमध्ये तीस वादक मावणार नाहीत, पण एक नक्की मावतो. त्याचे वादन तेथे वेगळ्या ट्रॅकवर, त्याच्या परवानगीने नोंदले गेले, तर उद्याच्या एआयला इथली मींड शिकायला काही तरी मिळेल. आणि त्या वादकाला त्या दिवसाचे काम.