पन्नाशीनंतरची धाव : व्यापाऱ्याचे नवे भांडवल

दुकानदाराचा दिवस बसण्यात जातो. सकाळी शटर उघडले की गादी, दुपारी गल्ला, रात्री हिशेब. कपड्याच्या धंद्यात ठाणे नोकर उतरवतात, आम्ही फक्त कैची आणि मीटर चालवतो. चाळिशीपर्यंत शरीर तक्रार करीत नाही, उधार देत राहते. पन्नाशीला वसुली सुरू होते : साखर, रक्तदाब, गुडघे. आपल्या व्यापारी बांधवांत ही वसुली घरोघर चालू आहे. म्हणूनच व्यापाराच्या पानावर आज आम्ही धावण्याविषयी लिहीत आहोत.

आम्ही वयाच्या ५२ व्या वर्षी गडबला धावू लागलो. मुंबई-गोवा महामार्गाने वडखळ सोडून नागोठण्याकडे निघाले की हे गाव लागते. सुरुवातीला दोन मिनिटे धावणे, तीन मिनिटे चालणे, एवढीच ऐपत होती. गावातली पोरे विचारीत, "शेठ, कोण मागे लागलंय?" उत्तर द्यायला दम उरत नसे. वर्षभरात मात्र न थांबता दहा किलोमीटरचा पल्ला गाठला.

या वयात हे शोभते का, असे विचारणारे भेटतात. पंजाबचे फौजा सिंग यांनी २००० साली लंडनला पहिली मॅरेथॉन धावली, तेव्हा त्यांचे वय ८९ होते. २०११ साली टोरांटोला त्यांनी वयाच्या शंभरीत ४२.१९५ किलोमीटर पूर्ण केले. आपल्या महाराष्ट्रात बारामतीच्या शर्यतीत साठी ओलांडलेल्या लता करे नऊवारीत, अनवाणी धावल्या; पतीच्या उपचारासाठी त्यांना बक्षिसाची रक्कम हवी होती. त्यांच्यावर २०२० साली चित्रपटही निघाला. २००४ पासून होणाऱ्या मुंबई मॅरेथॉनमध्ये पन्नाशी-साठीच्या धावकांचे वयोगट वेगळे असतात. म्हणजे शोभण्याचा प्रश्न केव्हाच निकालात निघाला आहे.

धावण्याने वजन उतरले, साखर आटोक्यात आली, हा नफा खराच. पण मोठा नफा वेगळा आहे. बाजारात तीस वर्षे काढलेल्या माणसाला शेठ म्हणवून घेण्याची सवय जडते. त्याला कोणी शिकवत नाही आणि तोही कोणाकडून शिकत नाही. रस्त्यावर मात्र दुकानातला वीस वर्षांचा पोरगा आमच्या पुढे निघून जातो, आणि श्वास कसा घ्यावा हे तोच आम्हाला सांगतो. मागे राहूनही चालत राहायचे, दुसऱ्याचा वेग पाहून आपला वेग वाढवायचा नाही, हे आम्ही पन्नाशीनंतर शिकलो. शेजारच्या दुकानाने माल भरला म्हणून आपणही उधारीवर भरायचा, हा बाजाराचा जुना रोग आहे. त्याचे औषध आम्हाला रस्त्यावर मिळाले.

आता व्यवहाराच्या चार गोष्टी. पहिली, डॉक्टरांकडून साखर, रक्तदाब आणि हृदय तपासून घ्यावे. छातीत दुखले किंवा चक्कर आली तर तिथेच थांबावे. दुसरी, बोलता येईल इतक्याच वेगाने धावावे आणि अंतर थोडे थोडे वाढवावे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रौढांसाठी आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम किंवा ७५ मिनिटे जोराचा व्यायाम सांगितला आहे. रोजमेळाप्रमाणे त्याचीही वही ठेवावी. तिसरी, महामार्ग टाळावा. डोलवीच्या पोलाद कारखान्यामुळे आमच्या भागात अवजड वाहने फार, म्हणून आम्ही गावातले रस्ते आणि खाडीकडचे बांध धरतो. शंभरीत मॅरेथॉन धावलेले फौजा सिंग जुलै २०२५ मध्ये जालंधरजवळ आपल्याच गावी वाहनाच्या धडकेने गेले, हे विसरू नये.

चौथी गोष्ट आमच्या धंद्यातली. बूट चांगले घ्यावेत, तिथे काटकसर नको. अंगावर मात्र सुती बनियन नको. व्यापारात सुताचा ओलावा ८.५ टक्के धरतात, पॉलिएस्टरचा ०.४ टक्के. सूत घाम पिऊन जड होते, कोकणच्या दमट हवेत वाळत नाही आणि अंग घासते. पॉलिएस्टरचे जाळीदार होजिअरी कापड घाम पृष्ठभागावर आणून लवकर वाळवते. आयुष्यभर सुताची तारीफ करून माल विकणाऱ्याने हे लिहावे, यातच सारे आले. तालुक्याच्या कापड दुकानदारांनी या मालाचा एक कप्पा जरूर ठेवावा. पूर्ण बाह्यांचे, सैल कपडेही ठेवावेत. आपल्या भगिनींची चालण्याची आणि धावण्याची सोय होईल.

दीनदार माणसाला हे काम परके वाटण्याचे कारण नाही. हुजूर (स.) यांनी सफरीत हजरत आयशा (रजि.) यांच्याशी धावण्याची शर्यत लावली होती, एकदा त्या पुढे गेल्या, पुढे एकदा हुजूर (स.). शरीर ही अमानत आहे आणि अमानतीचा हिशेब द्यावा लागतो. रमजानमध्ये आम्ही लांब पल्ला बंद ठेवतो. इफ्तारच्या आधी थोडे चालणे पुरते.

फजरची नमाज आणि दुकानाचे शटर यांमध्ये आपल्याकडे तीन-चार तास असतात. त्यांतला एक तास पायांना द्यावा. ज्यांना धावणे जमणार नाही त्यांनी चालावे, पण येत्या जुम्यापासूनच सुरुवात करावी.