वहीतला खरा आकडा

माझं माहेर बेळगावचं आणि सासर ग्वाल्हेरच्या नई सडकेवरचं. इथल्या मराठी घरांत हिंदी मिसळली आहे, तशी आपल्याकडे कन्नड. मी कॉलेजात बीएस्सीच्या मुलांना रसायनशास्त्र शिकवते. प्रोजेक्ट म्हटलं की मुलांना आधी झेरॉक्सचं दुकान आठवतं! गेल्या वर्षीची फाईल, नवं कव्हर, काम फत्ते.

म्हणून एका विद्यार्थिनीला मी घरचाच विषय दिला. नळाला येणारं तिघरा धरणाचं पाणी आणि बोअरचं पाणी, यांतलं जास्त जड कोणतं? ब्युरेटमधून ईडीटीएचं द्रावण थेंबथेंब सोडायचं आणि लालसर रंग निळा झाला की थांबायचं. बोअरच्या पाण्याची तिची तीन रीडिंग तीन तऱ्हेची आली. दुसऱ्या दिवशी वही पाहिली, तर आकडे खोडून एकसारखे केलेले!

"मॅडम, मार्क जातील ना!"

"आधीचे आकडे परत लिही. फरक का पडला ते दोघी मिळून शोधू."

चार दिवस गेले. ब्युरेट पाण्याने धुऊन ती तशीच भरत होती. आत उरलेल्या पाण्याने द्रावण पातळ होई, कधी कमी, कधी जास्त. आधी थोड्या द्रावणाने ब्युरेट विसळून घेतल्यावर आकडे जुळले. पिण्याच्या पाण्यात जडपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा, असं भारतीय मानक सांगतं. तिच्या बोअरचं पाणी त्याच्या वर निघालं. तो आकडा तिचा स्वतःचा होता.

मार्गदर्शक म्हणजे हे चार दिवस देणारा माणूस. इंदूरला जन्मलेल्या कमला भागवत, पुढच्या कमला सोहोनी, १९३३ मध्ये बंगळूरच्या विज्ञान संस्थेत गेल्या. मुलगी म्हणून सी. व्ही. रामन यांनी आधी नकार दिला, मग वर्षभराच्या अटीवर घेतलं. तिथे श्रीनिवासय्यांसारखे कडक शिस्तीचे पण मनापासून शिकवणारे गुरू लाभले. दूध आणि कडधान्यांतल्या प्रथिनांवर त्यांनी तिथे काम केलं, आणि १९३९ मध्ये केंब्रिजची पीएचडी मिळवली.

आता नव्या अभ्यासक्रमात पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के मिळवणाऱ्यांना पदवीच्या चौथ्या वर्षी संशोधन करता येतं. सोय चांगली आहे. पण एका शिक्षकामागे मुलांची रांग लागली, तर पुन्हा झेरॉक्सचं दुकानच चालेल. प्रवेश घेताना फी विचारतो, तसं "प्रोजेक्टला मार्गदर्शक किती वेळ देतात?" हेही पालकांनी विचारावं.

आणि मूल घरी आलं की "किती मार्क?" याच्या आधी "आज काय जुळलं नाही?" असं विचारा. मग मराठीत "का?" म्हणा नाहीतर कन्नडमध्ये "याके?" पुढचं शोधायला मूल आपणहून लागेल.