फलटण तालुक्याहून लहान देश विश्वचषकात

व्हेनेझुएलाच्या किनाऱ्यापासून जवळच, कॅरिबियन समुद्रात कुरासाओ नावाचे ४४४ चौरस किलोमीटरचे बेट आहे. नेदरलँड्सच्या राज्याचा तो एक स्वायत्त भाग. लोकसंख्या दीड लाखाच्या थोडी वर. २०११ च्या जनगणनेत एकट्या फलटण तालुक्यात सुमारे ३ लाख ४० हजार माणसे होती; म्हणजे लोकसंख्येने हा तालुका त्या देशाच्या दुप्पट भरतो. १८ नोव्हेंबर २०२५ रोजी कुरासाओने जमैकाला तिच्याच मैदानावर ०-० असे रोखले आणि पुरुषांच्या फुटबॉल विश्वचषकाची पात्रता मिळवली. विश्वचषकाच्या इतिहासात इतक्या कमी लोकसंख्येचा देश यापूर्वी तिथवर पोहोचलेला नव्हता. आधीचा विक्रम आइसलँडचा, २०१८ सालचा. आइसलँड म्हणजे साधारण फलटण तालुक्याएवढी वस्ती.

त्याच दिवशी ढाक्यात भारताचा संघ आशिया चषकाच्या पात्रता फेरीत बांगलादेशाकडून ०-१ असा हरला. भारताविरुद्ध बांगलादेशाला असा विजय २२ वर्षांनी मिळाला.

लहान देशांना दार उघडले ते मुख्यतः स्पर्धेच्या नव्या आकारामुळे. १९९८ पासून ३२ संघांचा असलेला विश्वचषक २०२६ पासून ४८ संघांचा झाला. सामने ६४ वरून १०४ झाले. आफ्रिकेच्या थेट जागा ५ वरून ९ झाल्या, आशियाच्या ४ वरून ८. उत्तर व मध्य अमेरिका आणि कॅरिबियन गटात तर आणखी एक योग जुळून आला. अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिको हे त्या भागातले तिन्ही बलाढ्य संघ यजमान म्हणून आपोआप पात्र ठरले, त्यामुळे पात्रता फेरीतून ते बाजूला झाले आणि उरलेल्यांना तीन थेट जागा मोकळ्या मिळाल्या.

तरीही किंग्स्टनचा तो सामना कुरासाओला फुकट मिळाला नाही. जमैकाला विजयच हवा होता, कुरासाओला बरोबरी पुरत होती. उत्तरार्धात जमैकाचे फटके पुन्हापुन्हा गोलखांबाला लागून परत येत राहिले. भरपाईच्या वेळेत पंचांनी जमैकाला पेनल्टी दिली. स्टेडियममध्ये जल्लोष सुरू झाला, मग पंच मैदानाकडेच्या पडद्यावर चित्रफीत पाहायला गेले आणि पेनल्टी रद्द झाली. कुरासाओचे अनुभवी डच प्रशिक्षक डिक ॲडव्होकाट त्या रात्री मैदानावर नव्हतेच. कौटुंबिक कारणामुळे ते नेदरलँड्सला परतले होते. संघाच्या इतिहासातली सर्वांत मोठी बरोबरी मुख्य प्रशिक्षकाशिवाय झाली.

हा संघ कुठून आला, हे त्याहून मजेचे. कुरासाओच्या संघातले बहुतेक खेळाडू नेदरलँड्समध्ये जन्मले आणि तिथल्याच क्लबांच्या अकादमीत घडले. ताहिथ चाँगसारखा बेटावर जन्मलेला खेळाडू हा अपवाद. खेळाडूकडे त्या देशाचे नागरिकत्व असेल आणि त्याचे आईवडील किंवा आजीआजोबा तिथे जन्मलेले असतील, तर फिफा त्याला त्या देशाकडून खेळू देते. कुरासाओचे लोक डच पासपोर्टच बाळगतात, त्यामुळे कागदपत्रांची अडचण जवळपास येत नाही. ॲमस्टरडॅम, रॉटरडॅममध्ये स्थायिक झालेल्या बेटवासीयांची मुलेनातवंडे हाच या देशाचा राखीव संघ. डच व्यवस्थेने घडवलेला, पण डच राष्ट्रीय संघात जागा न मिळालेला खेळाडू दुसऱ्या दाराने विश्वचषकाला जातो.

पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यापलीकडचा केप व्हर्डे हा दहा बेटांचा देश तर खेळाडू शोधण्यात याहून पुढे गेला. त्याची लोकसंख्या सव्वापाच लाखांच्या आसपास, म्हणजे २०११ च्या कोल्हापूर शहराहून किंचित कमी. १३ ऑक्टोबर २०२५ रोजी इस्वातिनीला ३-० असे हरवून आणि गटात कॅमेरूनला मागे टाकून केप व्हर्डे प्रथमच विश्वचषकासाठी पात्र ठरला. या संघाचा बचावपटू रोबेर्तो लोपेस डब्लिनमध्ये जन्मला. वडील केप व्हर्डेचे, आई आयरिश. तो डब्लिनच्या शॅमरॉक रोव्हर्सकडून खेळत असताना केप व्हर्डेच्या तेव्हाच्या प्रशिक्षकांनी त्याला लिंक्डइनवर निरोप धाडला. निरोप पोर्तुगीजमध्ये होता. नोकरीच्या संकेतस्थळावर अनोळखी भाषेत आलेला मजकूर फसवा असणार, असे समजून लोपेसने तो सोडून दिला. काही महिन्यांनी दुसरा निरोप इंग्रजीत आला, तेव्हा त्याने पहिल्याचे भाषांतर करून पाहिले. राष्ट्रीय संघाचे बोलावणे इतके दिवस तसेच पडून होते.

भारताला हा मार्ग जवळजवळ बंद आहे. भारतीय कायद्यात दुहेरी नागरिकत्व नाही आणि परदेशस्थ भारतीय नागरिकाचे कार्ड राष्ट्रीय संघात खेळण्यासाठी चालत नाही. भारतीय पासपोर्टच लागतो. युरोपात घडलेल्या भारतीय वंशाच्या खेळाडूने भारताकडून खेळायचे ठरवले, तर त्याला आधी आपले नागरिकत्व सोडावे लागते आणि त्यासोबत तिकडच्या क्लबांत परवान्याशिवाय खेळण्याची सोयही. हा सौदा फार थोडे करतात. ऑस्ट्रेलियात जन्मलेल्या रायन विल्यम्सने तो केला. त्याची आई मुंबईच्या अँग्लो-इंडियन कुटुंबातली. आजोबा लिंकन ग्रोस्टेट १९५० च्या दशकात संतोष चषकात मुंबईकडून खेळले होते. विल्यम्सने ऑस्ट्रेलियन नागरिकत्व सोडले, २०२५ मध्ये भारतीय पासपोर्ट घेतला आणि संघाबरोबर ढाक्यालाही गेला. पण ऑस्ट्रेलियाकडून हवे असलेले ना-हरकत पत्र वेळेत आले नाही, म्हणून तो सामना त्याला बाहेरूनच पाहावा लागला. समोर बांगलादेशाकडून इंग्लंडमध्ये जन्मलेला, लेस्टर सिटीचा हमझा चौधरी खेळत होता. बांगलादेशाचा कायदा त्याला दोन्ही पासपोर्ट ठेवू देतो.

पण सगळा दोष पासपोर्टवर ढकलणे सोयीचे आहे, खरे नाही. २०२६ साठी आशियातून प्रथमच पात्र ठरलेल्या उझबेकिस्तान आणि जॉर्डनने मुख्यतः घरचेच खेळाडू उतरवले. उझबेकिस्तानने त्याआधी २०२३ मध्ये वीस वर्षांखालील आणि २०२५ मध्ये सतरा वर्षांखालील आशिया चषक जिंकला होता. मुले आधी जिंकू लागली, मोठे मागाहून.

भारताचे गाडे विश्वचषक पात्रतेच्या दुसऱ्याच फेरीत अडले. ११ जून २०२४ रोजी दोहात कतारविरुद्ध लालियानझुआला छांगतेने भारताला आघाडी मिळवून दिली होती. तीच आघाडी टिकली असती, तर भारत प्रथमच तिसऱ्या फेरीत गेला असता. ७३ व्या मिनिटाला चेंडू गोलरेषेबाहेर गेलेला स्पष्ट दिसत असताना कतारच्या खेळाडूने तो मागे ओढला आणि युसुफ आयमेनने गोल केला. त्या फेरीत चित्रफीत तपासणारे पंच नव्हते. गोल मान्य झाला, पुढे कतारने २-१ असा सामना घेतला. अन्याय खराच. मात्र त्याच गटात भारताने अफगाणिस्तानकडून घरच्या मैदानावर हार पत्करली होती, हे विसरले जाते.

पश्चिम महाराष्ट्रात फुटबॉलचे वेड कमी आहे असे कोणी म्हणणार नाही. कोल्हापुरात हा खेळ तालमींचा आहे. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल ही तालीम मंडळे, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब हे पेठापेठांचे संघ; त्यांची लीग कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन, म्हणजे लोकांच्या तोंडातली केएसए, राजर्षी शाहू स्टेडियमवर भरवते. मोठ्या लढतीला गॅलरी भरते, पोलीस बंदोबस्त लागतो, आणि दुसऱ्या दिवशी पेठेत कट्ट्यावर पंचांचा निर्णय पुन्हा एकदा तपासला जातो. कित्येक हंगाम या संघांतून नायजेरियन खेळाडूही खेळले आहेत. विश्वचषक आला की शहराची ब्राझील आणि अर्जेंटिना अशी वाटणी होते, चौकांत मेस्सी आणि नेमार यांचे उंच फलक उभे राहतात. एवढी गर्दी, एवढी ईर्षा असूनही कोल्हापुरातून थेट राष्ट्रीय संघापर्यंत जाणारी वाट मात्र अरुंद राहिली.

ती वाट पार केलेला ठळक खेळाडू म्हणजे अनिकेत जाधव. रिक्षाचालकाचा हा मुलगा २०१७ मध्ये भारतात झालेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला. कोल्हापुरातून तो पुण्याला बालेवाडीच्या क्रीडा प्रबोधिनीत आला आणि तिथून पुणे एफसीच्या अकादमीत. शासनाची निवासी शाळा आणि जवळच एका व्यावसायिक क्लबची अकादमी, या दोन्ही पायऱ्या त्याला एकाच शहरात मिळाल्या.

फलटणकडे पाहिले की हे अधिक स्पष्ट होते. तालुक्यातल्या सरडे गावचा प्रवीण जाधव टोकियो ऑलिंपिकमध्ये तिरंदाजी करून आला. आसूची वैष्णवी फाळके आणि वाखरीची अक्षता ढेकळे भारतीय महिला हॉकी संघातून खेळल्या. या तिघांनाही गावातून उचलून क्रीडा प्रबोधिनीत नेले गेले. कुरासाओच्या दुप्पट वस्तीच्या या तालुक्यात अंगची ताकद आणि चिकाटी यांची वाण कधीच नव्हती. ज्या खेळात निवड, वसतिगृह, प्रशिक्षक आणि पुढची स्पर्धा यांची साखळी अखंड होती, त्या खेळात मुले वर गेली. फुटबॉलमध्ये ती साखळी अठरा वर्षांच्या पुढे तुटते, कारण तिथून पुढचा भार क्लबांनी उचलायचा असतो.

आणि क्लबांचीच अवस्था डळमळीत आहे. अखिल भारतीय फुटबॉल महासंघ आणि त्याचा व्यावसायिक भागीदार यांच्यातला करार २०२५ च्या डिसेंबरात संपला. नव्या कराराचा घोळ न मिटल्याने इंडियन सुपर लीगचा २०२५-२६ चा हंगाम नेहमीच्या वेळी सुरूच झाला नाही; तो पुढल्या फेब्रुवारीत, आखूड स्वरूपात सुरू झाला. मँचेस्टर सिटीच्या मालकांच्या समूहाने २०१९ मध्ये मुंबई सिटी एफसीचे ६५ टक्के भाग घेतले होते. तेही २०२५ अखेर बाहेर पडले.

याच मुंबई सिटीने २०२३ मध्ये आशियाई चॅम्पियन्स लीगचे सामने बालेवाडीत खेळवले, आणि सौदीच्या अल हिलालबरोबरचा सामना नेमारसाठी होणारी गर्दी ओळखून नवी मुंबईच्या मोठ्या स्टेडियमवर नेला. नेमार आधीच गुडघ्याला दुखापत होऊन बसला होता. तो आलाच नाही. दोन वर्षांनी, २२ ऑक्टोबर २०२५ ला, अल नस्र मडगावच्या फातोर्डा मैदानावर एफसी गोवाशी खेळले. त्यांचा रोनाल्डो आला नाही. ब्रायसन फर्नांडिसने गोव्याचा एक गोल केला, सामना १-२ असा गेला. मेस्सी मात्र १४ डिसेंबर २०२५ ला वानखेडेवर आला, सामना खेळण्यासाठी नव्हे.

पुण्याला एके काळी स्वतःचे क्लब होते. पुणे एफसी आधीच बंद पडला होता. सुपर लीगमधला एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये गुंडाळला गेला. त्याची जागा हैदराबादच्या क्लबने घेतली आणि २०२५ मध्ये तो क्लबही दिल्लीला हलला. फलटण, साताऱ्याच्या मुलाला आज सुपर लीगमधला घरापासून सर्वांत जवळचा क्लब मुंबईत आहे.