एस्तोरिलची बरोबरी

(रेडिओवरील भाषणाचा संपादित मजकूर)

गो-कार्ट म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर सुट्टीतली मजा उभी राहते. हायवेलगतचं करमणुकीचं केंद्र, जुने टायर रचून केलेला वळणावळणाचा रस्ता, दहा मिनिटांचं तिकीट आणि कठड्याबाहेर फोटो काढत उभे असलेले आईबाबा. त्यामुळे कार्टचीही जागतिक स्पर्धा असते आणि ती जिंकण्यासाठी मुलं वर्षानुवर्षं झटतात, असं सांगितलं की ऐकणारा जरासा हसतो.

आज मी ज्या मुलाबद्दल सांगणार आहे, तो पुढे फॉर्म्युला वनचा तीन वेळा जगज्जेता झाला. कार्टचं जगज्जेतेपद मात्र त्याला पाच वेळा प्रयत्न करूनही मिळालं नाही. त्यातल्या एका खेपेला तर त्याचे गुण विजेत्याइतकेच होते. आयर्टन सेना दा सिल्वा हे त्याचं नाव. दा सिल्वा हे आडनाव गोव्यामुळे आपल्यालाही ओळखीचं आहे. ब्राझीलमध्ये ते इतकं सर्रास आढळतं, की पुढे त्याने ते गाळलं आणि आईचं माहेरचं आडनाव तेवढं ठेवलं. देवनागरीत ते फौजेसारखं दिसतं, त्याला इलाज नाही.

त्याची गोष्ट सांगण्याआधी ही गाडी समजून घ्यायला हवी. १९५६ साली कॅलिफोर्नियात शर्यतीच्या मोटारी बांधणाऱ्या आर्ट इंगल्स नावाच्या कारागिराने गंमत म्हणून नळ्यांची एक चौकट केली आणि तिला छोटं इंजिन जोडलं. ही पहिली कार्ट. आठ वर्षांत, म्हणजे १९६४ मध्ये, तिची पहिली जागतिक स्पर्धा झाली आणि इटलीच्या ग्विदो साला याने ती जिंकली. गाडीचं मूळ रूप मात्र फारसं बदललं नाही. पोलादी नळ्यांची चौकट, चार बुटकी चाकं, बाजूला इंजिन आणि पायाखाली एक पत्रा. स्प्रिंग नाहीत, शॉक अ‍ॅब्सॉर्बर नाहीत. चालक जमिनीपासून वीतभरसुद्धा उंच नसतो. ताशी शंभर किलोमीटरच्या वर गेल्यावर त्या उंचीवरून रस्ता कसा दिसत असेल, याची कल्पना करून पाहा.

खरी मेख आहे मागच्या आसात. आपल्या मोटारीला डिफरन्शियल असतो. त्यामुळे वळताना बाहेरचं चाक जास्त फिरतं आणि आतलं कमी. बैलगाडीला डिफरन्शियल नसतो, पण तिची चाकं आसावर सुटी फिरतात, म्हणून तीही बिनतक्रार वळते. कार्टची मागची दोन्ही चाकं मात्र एकाच आसावर पक्की बसवलेली असतात. लाटणं जसं आपलं सरळ पुढे जायला बघतं, तशी ही गाडीसुद्धा सरळच जायला बघते. मग ती वळते कशी? चालकाने स्टिअरिंग फिरवलं की पुढच्या चाकांच्या ठेवणीमुळे चौकट किंचित पिळवटते आणि मागचं आतलं चाक क्षणभर जमिनीपासून उचललं जातं. तेवढ्यात वळण घ्यायचं आणि ते चाक पुन्हा टेकवायचं. लवकर टेकलं तर गाडी अडखळते, उशिरा टेकलं तर इंजिनाचा जोर वाया जातो. हे एका फेरीत डझनभर वेळा करायचं, तेही मागेपुढे तिसाच्या आसपास कार्ट असताना.

सेनाच्या काळातल्या शंभर सीसी कार्टला गिअर नव्हते, क्लच नव्हता. गाडी ढकलून चालू करायची. शर्यतीत गिरकी खाऊन इंजिन बंद पडलं की बहुतेक वेळा खेळ आटोपला. ब्रेक फक्त मागच्या चाकांना. इंजिन टू-स्ट्रोक, म्हणजे त्याला लागणारं वंगण पेट्रोलमध्येच मिसळलेलं. आता गंमत पाहा. लांब सरळ रस्त्याच्या शेवटी चालक अ‍ॅक्सिलरेटर सोडतो, तेव्हा इंजिन जोरात फिरतच असतं, पण त्याला पेट्रोल मिळत नाही आणि त्याबरोबर तेलही मिळत नाही. तसंच राहिलं तर पिस्टन जाम होतो. म्हणून कसलेली मुलं नेमक्या त्या क्षणी एक हात स्टिअरिंगवरून काढून कार्ब्युरेटरच्या तोंडावर धरायची. हवा अडली की पेट्रोल आणि तेल जास्त ओढलं जातं आणि इंजिन वाचतं. वळण जवळ येत असताना, बाकीची गाडी एका हाताने सांभाळत!

अशा गाडीवर हा मुलगा वाढला. त्याचा जन्म १९६० चा, साओ पाउलोचा. वडील मिल्टन दा सिल्वा चांगले सधन होते, कारखानदार होते, शेतीवाडी होती. हे सांगायला हवं, कारण गरिबीतून वर आलेल्या खेळाडूंच्या गोष्टी आपल्याला आवडतात आणि कार्टिंगमध्ये त्या फार सापडत नाहीत. हा पैशाचा खेळ आहे आणि तेव्हाही होता. मुलगा चार वर्षांचा असताना वडिलांनी गवत कापायच्या यंत्राचं इंजिन बसवून त्याला पहिली कार्ट करून दिली. अधिकृत शर्यतीत उतरायला तेराव्या वर्षापर्यंत थांबावं लागलं. १९७३ मध्ये इंटरलागोसच्या कार्ट ट्रॅकवर त्याने सुरुवात केली. त्याच्या इंजिनांची देखभाल ‘चे’ या टोपणनावाचा एक मूळचा स्पॅनिश मेकॅनिक करायचा.

पावसातल्या पहिल्याच शर्यतीत सगळे त्याला मागे टाकून गेले. ते त्याला इतकं झोंबलं, की त्यानंतर साओ पाउलोत पाऊस आला की तो कार्ट घेऊन ट्रॅकवर जायचा. इतर मुलं कपडे सुकवत बसायची आणि हा एकटा भिजत चकरा मारायचा. पुढे साऱ्या जगाला माहीत झालेलं त्याचं पावसातलं कसब तिथलं आहे. त्याला दैवी देणगी म्हणणाऱ्यांनी त्या चकरा मोजलेल्या नसाव्यात.

१९७७ मध्ये तो दक्षिण अमेरिकेचा विजेता झाला आणि पुढच्या वर्षी, अठरा वर्षांचा असताना, इटलीला गेला. मिलानजवळच्या डीएपी या कार्ट आणि इंजिनं बनवणाऱ्या कंपनीकडून त्याला शर्यतीत उतरायचं होतं. ही कंपनी पारिया बंधूंची. भाषा येत नाही, जेवण वेगळं, थंडी वेगळी. त्यात संघातला जोडीदार होता टेरी फुलर्टन, १९७३ चा जगज्जेता इंग्रज. सेनापेक्षा तो सात वर्षांनी मोठा होता आणि नवख्याला सवलत देणं त्याच्या स्वभावात नव्हतं. त्या वर्षीची जागतिक स्पर्धा फ्रान्समध्ये ल मान्सला झाली. ब्राझीलचा हा अनोळखी मुलगा तिथे सहावा आला. पहिल्याच वर्षी सहावा, म्हणजे युरोपातल्या जाणकारांनी नाव विचारून घ्यावं असा निकाल.

१९७९ ची स्पर्धा पोर्तुगालमध्ये एस्तोरिलला होती. सेनाच्या दृष्टीने जवळपास घरचंच मैदान, कारण भाषा त्याचीच.

कार्टची जागतिक स्पर्धा एका शर्यतीत संपत नाही. आधी घड्याळ लावून वेळ घेतात. मग स्पर्धकांचे गट पाडतात आणि गटागटांच्या प्राथमिक शर्यती होतात. त्यांतल्या निकालांवर अंतिम शर्यतीत कोण उतरणार आणि कोण कुठे उभा राहणार ते ठरतं. एस्तोरिलला अंतिम शर्यतीही तीन होत्या आणि त्यांच्या गुणांची बेरीज करून विजेता ठरायचा होता. म्हणजे आठवड्याच्या सुरुवातीला कुणी मागून धडकलं, साखळी तुटली किंवा प्लग गेला, तर त्याचा हिशेब शेवटच्या दिवशी चुकता होऊ शकतो. तो झालाच.

तिसरी अंतिम शर्यत सेनाने जिंकली. रेषा ओलांडली तेव्हा आपण जगज्जेते झालो, अशीच त्याची समजूत होती आणि त्याने आनंद साजरा केला. मग गुणांची बेरीज झाली. सेना आणि हॉलंडचा पीटर कूने यांचे गुण सारखे निघाले. बरोबरी झाली तर काय करायचं, हे नियमात लिहिलेलं होतं. अंतिम शर्यतींच्या आधीचे निकाल पाहायचे. त्यांत कूने सरस होता. आनंदाच्या उड्या मारून झाल्यावर एकोणीस वर्षांच्या मुलाला कुणीतरी कागद दाखवून सांगायचं की तू दुसरा आहेस!

या निर्णयात अन्याय झाला असं मला वाटत नाही. नियम सगळ्यांना सारखा होता आणि कूनेही काही कच्चा गडी नव्हता, तो त्याच डीएपीच्या कार्टवर होता. पण आपल्याकडे क्रिकेटच्या स्पर्धांत नेट रनरेटची आकडेमोड करणाऱ्यांना हे दुःख सांगावं लागणार नाही. मैदानावर जिंकून कागदावर हरणं वेगळंच असतं. सेना कसल्याही पराभवाने खचून जाणारा नव्हता, पण हा पराभव त्याने मनातून कधी काढला नाही.

१९८० मध्ये बेल्जियममधल्या निवेल इथे तो पुन्हा उतरला आणि पुन्हा दुसरा आला. या वेळी हॉलंडचाच पीटर दे ब्रॉइन पुढे होता. १९८१ मध्ये तो इंग्लंडला जाऊन मोटारींच्या शर्यतीत शिरला आणि फॉर्म्युला फोर्डमध्ये पहिल्याच वर्षी जिंकू लागला. खरं म्हणजे आता कार्टकडे वळून पाहण्याची गरज नव्हती. बहुतेक मुलं पाहत नाहीत. कार्ट ही शिडी, मोटार मिळाली की शिडी सोडायची. हा गडी मात्र त्याच वर्षी पार्माच्या जागतिक स्पर्धेला परत आला. इंजिनांचा नियम बदलून ती मोठी झाली होती. तो चौथा आला, इंग्लंडचा माइक विल्सन जिंकला. १९८२ मध्ये मोटारींच्या शर्यती एकामागून एक जिंकत असताना तो स्वीडनमधल्या काल्मारला पुन्हा कार्ट घेऊन गेला आणि चौदावा आला. नंतर मात्र त्याने तो नाद सोडला.

आपल्या गावातल्या कुस्तीच्या फडात हरलेला पैलवान पुढे मोठ्या गदा जिंकतो, तरी जत्रेच्या दिवशी त्याच फडात उतरायला येतो, तसंच हे काहीसं असावं. पण आणखी एक कारण दिसतं. मोटारींच्या शर्यतीत कुणाची गाडी चांगली, कुणाच्या मागे पैसा, कुणाचं इंजिन ताकदवान, यात निम्मा निकाल अडकलेला असतो. कार्टमध्येही हे असतंच, चांगला मेकॅनिक नसेल तर तिथेही काही खरं नाही. तरी त्यातल्या त्यात चालकाच्या हातात जास्त उरतं. १९९३ मध्ये अ‍ॅडलेडला पत्रकारांनी सेनाला विचारलं, की आजवरचा तुमचा सर्वांत समाधान देणारा प्रतिस्पर्धी कोण? तेव्हा तो तीनदा जगज्जेता झालेला होता. लोकांना वाटलं, अलँ प्रॉस्टचं नाव येणार किंवा मुद्दाम टाळलं जाणार. त्याने नाव घेतलं टेरी फुलर्टनचं. ती निखळ शर्यत होती, तिथे राजकारण नव्हतं आणि पैसा नव्हता, अशा आशयाचं तो बोलला. फुलर्टन कधी फॉर्म्युला वनमध्ये आलाच नाही, त्यामुळे खोलीतल्या अनेकांना हे नाव नवीनच होतं.

२१ एप्रिल १९८५ रोजी तो पुन्हा एस्तोरिलला शर्यतीत उतरला. या वेळी कार्टच्या छोट्या ट्रॅकवर नाही, मोठ्या सर्किटवर, लोटसच्या काळ्या गाडीतून. पाऊस कोसळत होता. एकामागून एक गाड्या घसरून बाहेर जात होत्या. सेना सुरुवातीपासून पुढे होता आणि दुसऱ्या आलेल्या मिकेले आल्बोरेतोच्या एक मिनिटाहून अधिक आधी त्याने रेषा ओलांडली. फॉर्म्युला वनमधला हा त्याचा पहिला विजय.

पुढे १९८८, १९९० आणि १९९१ ची जगज्जेतेपदं आली. ब्राझीलमध्ये तातुई गावाजवळच्या आपल्या शेतावर त्याने स्वतःसाठी एक कार्ट ट्रॅक बांधून घेतला. सुट्टीत घरी आला की तिथे तो मित्रांबरोबर आणि छोट्या भाच्याबरोबर, ब्रूनोबरोबर, कार्ट हाकायचा. १ मे १९९४ रोजी इमोलाच्या शर्यतीत तो गेला. तेव्हा दहा वर्षांचा असलेला ब्रूनो २०१० मध्ये फॉर्म्युला वनच्या शर्यतीत उतरला.